"मुले झाली आहेत ना, मग पिशवी काढून टाका"

"गर्भाशयात गाठ निघाली की ती ठेवू नये, पुढे तिचा कॅन्सर होतो. गोळ्यांनी गाठ जात नाही. मुले झाली असतील तर पिशवीचा उपयोग काय? ती काढल्याने शरीरात काही फरक पडत नाही." चार वाक्यांचा हा संदेश व्हॉट्सॲपवर सोसायटीच्या महिला मंडळापासून माहेरच्या गटापर्यंत सगळीकडे फिरतो आहे. धाकट्या जावेने तो मला पाठवला तेव्हा तिच्या शस्त्रक्रियेची तारीखही ठरलेली होती. यातले दुसरे वाक्य अर्धे खरे आहे आणि म्हणूनच उरलेली तीन त्याच्या आधाराने खपून जातात.

कॅन्सरची भीती सर्वात परिणामकारक ठरते, म्हणून आधी ती पाहू. फायब्रॉइड ही गर्भाशयाच्या स्नायूची साधी गाठ असते. अमेरिकेत 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीचा अंदाज असा, की पन्नाशी येईपर्यंत सुमारे 70 टक्के गोऱ्या आणि 80 टक्क्यांहून अधिक कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये अशा गाठी झालेल्या असतात, आणि त्यांतल्या कित्येकींना त्यांचा काहीही त्रास नसतो. याच स्नायूचा कॅन्सर असतो, त्याला सार्कोमा म्हणतात. पण तो विरळा असतो आणि साध्या गाठीचे रूपांतर होऊन नव्हे, तर बहुतेक वेळा स्वतंत्रपणे उद्भवतो, असे आज मानले जाते. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने 2014 साली, फायब्रॉइड समजून शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे 350 स्त्रियांमागे एकीला असा सार्कोमा निघतो, असे म्हटले होते. नंतरच्या काही आढाव्यांत हे प्रमाण त्याहून बरेच कमी आले. पाळी कायमची गेल्यानंतरही गाठ वाढत असेल, तर मात्र तपासणीला उशीर करू नये, कारण त्या वयात गाठी आकसणे अपेक्षित असते.

आता गोळ्यांचे अर्धे खरे वाक्य. गाठ समूळ नाहीशी करणारी गोळी नाही, हे बरोबर. (काढ्याने गाठ विरघळते असे सांगणारे संदेशही याच गटांत फिरतात आणि त्यांनाही आधार नाही.) परंतु उपचार त्रासावर करायचा असतो आणि त्रास कोणता होईल हे गाठ किती मोठी आहे याइतकेच ती कुठे बसली आहे यावर ठरते. जावेच्या सोनोग्राफीच्या अहवालात "इंट्राम्युरल, पुढील भिंत, 5.4 x 4.9 सेंमी" एवढीच ओळ होती आणि ती तिला कोणी वाचून दाखवली नव्हती. इंट्राम्युरल म्हणजे भिंतीच्या जाडीत असलेली. सबम्युकोझल गाठ आतल्या अस्तराखालून पोकळीत डोकावते आणि लहान असली तरी अंगावरून खूप जाते. सबसिरोझल गाठ बाहेरच्या बाजूने वाढते, तिने रक्तस्राव सहसा वाढत नाही, पण मोठी झाली की ती मूत्राशयावर दाब देते. पोकळीतली गाठ योनीमार्गे दुर्बीण घालून, पोटावर एकही छेद न देता काढता येते. भिंतीतली किंवा बाहेरची गाठ, गर्भाशय जागेवर ठेवून, दुर्बिणीने किंवा पोट उघडून काढता येते. रक्तस्रावच मुख्य तक्रार असेल, तर पाळीच्या दिवसांपुरत्या घ्यायच्या ट्रानेक्झामिक ॲसिडच्या गोळ्या किंवा संप्रेरक सोडणारी तांबी उपयोगी पडते. मात्र गाठीमुळे पोकळीचा आकार बिघडला असेल तर तांबी निसटू शकते. हिमोग्लोबिन उतरले असेल तर ते शिरेतून लोह देऊन वाढवता येते. निव्वळ रक्त कमी आहे म्हणून त्याच आठवड्यात गर्भाशय काढावे लागते, असे सहसा नसते.

एक उपचार तर बहुसंख्य स्त्रियांच्या कानावरच पडत नाही. जांघेतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून बारीक नळी गर्भाशयाच्या धमन्यांपर्यंत नेऊन तेथे सूक्ष्म कण सोडतात, गाठीचा रक्तपुरवठा तुटतो आणि ती पुढच्या काही महिन्यांत आकसते. फायब्रॉइडसाठी या पद्धतीचा पहिला अहवाल पॅरिसच्या डॉक्टरांनी 1995 साली दिला. हे काम स्त्रीरोगतज्ज्ञ करीत नाहीत, इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट (म्हणजे पडद्यावर प्रतिमा पाहत नळीवाटे उपचार करणारे डॉक्टर) करतात, आणि ज्याचे काम नाही तो त्याचे नाव सहसा काढत नाही. शिवाय असे तज्ज्ञ मोठ्या शहरांतच एकवटले आहेत. यालाही मर्यादा आहेत. नेदरलँड्समधल्या एका तुलनात्मक चाचणीत, हा उपचार घेतलेल्या स्त्रियांपैकी सुमारे एकतृतीयांश स्त्रियांना दहा वर्षांच्या आत गर्भाशय काढावेच लागले. म्हणजे दोनतृतीयांश स्त्रियांचे ते वाचले. ज्यांना पुढे मूल हवे आहे त्यांना मात्र हा उपचार सहसा सुचवला जात नाही. गाठच काढली तर नवी गाठ पुन्हा होऊ शकते, आणि ती शक्यता पूर्णपणे मिटवणारा इलाज गर्भाशय काढणे हाच आहे, हेही मान्य केले पाहिजे. त्रास असह्य असेल, गाठी अनेक असतील आणि सारे समजून घेऊन एखादी स्त्री तोच इलाज निवडत असेल, तर तो निर्णय चुकीचा म्हणता येत नाही.

"मुले झाली आहेत ना" या वाक्याची किंमत महाराष्ट्राने बीडमध्ये पाहिली आहे. 2019 साली राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळच्या पाहणीत ऊसतोडणीला जाणाऱ्या 82,309 स्त्रियांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. देशभरात 15 ते 49 वयोगटातले हे प्रमाण, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, शंभरात तीनच्या आसपास आहे. बीडमधल्या या साऱ्या शस्त्रक्रिया गाठींसाठी नव्हत्या. अंगावरून पांढरे जाणे, पोटात दुखणे अशा तक्रारींवरही पिशव्या काढल्या गेल्या. मुकादमाची उचल अंगावर असताना पाळीतला एक खाडाही परवडत नाही, अशा बाईला "कटकट मिटेल" हे शब्द पटतात यात नवल नाही. पुढे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2023 मध्ये राज्यांना त्या तीन महिन्यांत स्वीकारण्यास सांगितले.

राहिले शेवटचे वाक्य, फरक पडत नाही हे. अंडाशय जागेवर ठेवले तरी ते लवकर थकण्याची शक्यता वाढते. चाळिशीच्या आसपास अंडाशयही काढले, तर रजोनिवृत्ती एका दिवसात येते आणि पुढे हाडे ठिसूळ होण्याचा व हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणून सही करण्यापूर्वी संमतिपत्रावर नेमके काय काय काढणार असे लिहिले आहे, हे वाचावे लागते. जावेच्या संमतिपत्रावर "गर्भाशय व दोन्ही अंडाशय" असे आधीच छापलेले होते. अंडाशय कशासाठी, असे तिने विचारले तेव्हा "पोट उघडणारच आहोत, तर तेही काढून टाकू" एवढेच उत्तर मिळाले. तिचे वय तेव्हा 41 होते.