प्रतिक्रियेला उत्तर : चेरोकी घरात कूळ आईकडून येतं

नमस्कार. तुमच्या प्रतिक्रियेत दोन आक्षेप आहेत. एक, चेरोकी (अमेरिकेतला एक मूळनिवासी समाज) बायकांच्या चार पिढ्यांवरचं कथालेखन वाचताना मी कुळं, कायदे, नोंदणीच्या तारखा यांतच अडकते; आजी-आई-लेक यांचं नातं जगात सगळीकडे सारखंच, मग लेखकाच्या डोक्यावर हे ओझं कशाला? दुसरा, चेरोकींच्या १८२७च्या राज्यघटनेनंतर चेरोकी बायकांच्या हाती काहीच उरलं नाही, हे माझं विधान सरसकट आहे.

दुसरा आक्षेप अगदी बरोबर. त्या घटनेनं मताचा हक्क फक्त पुरुषांना दिला, पण त्याआधी १८१९मध्ये त्यांच्याच परिषदेनं कायदा केला होता : चेरोकी बाईनं गोऱ्याशी लग्न केलं, तरी तिची मालमत्ता नवऱ्याला तिच्या संमतीशिवाय विकता-उधळता येणार नाही. राज्यकारभारातून बाई बाहेर गेली, पण स्वतःच्या मालमत्तेवरचा तिचा हक्क गेला नाही. ते वाक्य दुरुस्त करते आहे.

पहिला आक्षेप मात्र पटत नाही, कारण हे नातं सगळीकडे सारखं नाही. चेरोकींची कुळं सात आणि मूल आईच्या कुळाचं. स्वतःच्या कुळात लग्न निषिद्ध. लग्नानंतर पुरुष बायकोच्या घरी राहायला जायचा. घर तिचं, शेत तिच्या माहेरच्या बायकांचं. आपल्याकडे 'घरजावई' म्हणताना जो हेटाळणीचा सूर लागतो, तो तिथे नव्हता, कारण रीतच ती होती. मुलांना वळण लावायचं ते मामानं, आणि आईच्या बहिणीलाही आईच म्हणायचं. आता समजा, अठराव्या शतकातल्या प्रसंगात आई वारते आणि लेक पोरकी होऊन बापाच्या भावाकडे जाते. वाचताना डोळे भरून येतीलही, पण ती मुलगी चेरोकी वाटत नाही. तिला मावश्या आहेत, मामा आहे, कूळ आहे.

खरी ठिणगी पडते ती मुलानं गोरी बायको आणली की. त्यांच्या मुलांना कूळच नाही. १८२५मध्ये परिषदेनं अशा मुलांना नागरिकत्व दिलं. कूळ देणं परिषदेच्या हाती नव्हतं. आजीच्या मांडीवरचा नातू कायद्यानं तिच्या राष्ट्राचा आणि तरी सात कुळांपैकी कुठल्याच कुळाचा नाही. हा पेच दुसऱ्या कुठल्या आजीला उसना देता येईल का, सांगा.

लिहिणाऱ्यानं म्हणूनच आधी वंशावळ कागदावर मांडावी. सर्वांत थोरल्या बाईपासून सुरुवात करून प्रत्येक नावापुढे कूळ लिहावं. मुलींच्या फांद्या त्याच कुळात पुढे न्याव्यात, मुलांच्या फांद्यांना त्यांच्या बायकोचं कूळ लावावं. मग जन्मसालं. १८३०ला जन्मलेली मुलगी १८३८च्या उन्हाळ्यात, म्हणजे अमेरिकी सरकारनं चेरोकींना जबरदस्तीनं पश्चिमेला हलवलं तेव्हा, आठ वर्षांची. सैनिक घरातून उचलतात आणि छावणीत कोंडतात ते तिला नीट आठवेल. बहुतेक लेखक सगळे मृत्यू पश्चिमेकडच्या बर्फातल्या वाटेवर दाखवतात, पण हगवण आणि गोवर त्याआधीच, त्या उन्हाळी छावण्यांत माणसं नेत होते. तिची लेक १८५५ची धरा, नात १८८२ची. ही नात डॉज आयोगापुढे (समाजाची सामायिक जमीन माणशी वाटण्यासाठी नावं नोंदवणारा अमेरिकी सरकारचा आयोग) उभी राहते तेव्हा विशीत असते.

त्या आयोगाचं कार्ड एकदा निरखून पाहा. कुटुंबातलं पहिलं नाव, बाकीच्यांचं त्या पहिल्या नावाशी नातं, वय, लिंग, मूळनिवासी रक्ताचं प्रमाण, आईबापांची नावं. कुळाला रकाना नाही. शतकानुशतकं जे आईकडून लेकीकडे आलं, ते लिहायला जागाच नाही, आणि त्याऐवजी कारकून लिहितो एक अपूर्णांक. तो अपूर्णांक जमिनीवर उतरतो. १९०२च्या करारानं प्रत्येकाला सरासरी प्रतीच्या ११० एकरांच्या किमतीची जमीन मिळायची, त्यातले ४० एकर विकायला बंदी. १९०८च्या कायद्यानं अर्ध्याहून कमी रक्त नोंदलेल्यांची ही बंदी उठवली. म्हणजे कार्डावर चतुर्थांश लिहिलं गेलेल्या बाईच्या दारात दलाल येऊ शकतो, आणि पूर्ण रक्ताची नोंद असलेल्या तिच्या सावत्र मावशीला (आजी तीच, आजोबा वेगळे) स्वतःचे ४० एकर विकताच येत नाहीत. दोघींचं कूळ एक, दोघी एकाच बाईच्या हाताखाली वाढलेल्या. यावर लेखकानं पन्नास पानं लिहिली तरी मी वाचेन.

चौथ्या पिढीसाठी तर तारीखच कथा घडवते. १ सप्टेंबर १९०२नंतर जन्मलेली मुलं आयोगाच्या यादीत आली, पण ४ मार्च १९०६ला हयात असतील तरच. चेरोकी नेशनचं (चेरोकींचं आजचं स्वशासित राष्ट्र) नागरिकत्व आजही त्या यादीतल्या पूर्वजापर्यंत नातं दाखवूनच मिळतं. त्यामुळे पणती १९०६च्या वसंतात जन्मली, एवढं मला पुरत नाही. ती ३ मार्चला जन्मली असेल तर यादीत आहे, ५ला असेल तर नाही. तिच्या थोरल्या भावाचं नाव मात्र आहे.