शंभराच्या वर आवाज कशाला?

शंभर टक्के म्हणजे संपलं ना? लिनक्स या संगणक-प्रणालीवर नाही संपत. ग्नोम, केडीई या तिच्या दोन्ही डेस्कटॉपांत १५० पर्यंत जायची सोय, आणि पाव्हूकंट्रोल या आवाजाच्या मिक्सरची पट्टी तर १५३ वर जाऊन टेकते. म्हणजे मूळ सिग्नल ११ डेसिबलने फुगवायचा! लॅपटॉपचे ते एवढेसे स्पीकर. तबल्याचा डग्गा पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो.

बरं, घोडबंदर रोडला राहून आवाज वाढवायचा नाही म्हटलं, तर ऐकायचं काय? कंटेनरचे हॉर्न? खिडकी लावली की घामाच्या धारा. त्यात आमची कार्टी येता-जाता आवाजाचं बटण दाबून धरते.

मर्यादा घालायला गेलं, तर तीही एका जागी नाही. डब्ल्यूपीसीटीएल म्हणजे आवाज बदलायची कमांड; कीबोर्डच्या बटणाला ती जोडून तिच्यात एल हा पर्याय देऊन १.० (म्हणजे शंभर टक्के) लिहिलं, की बटण शंभरावर थांबतं. पण ती मर्यादा त्या कमांडपुरतीच! मिक्सर उघडून माउसने पट्टी ओढली की पुन्हा १४०. आणि प्रत्येक उपकरणाची पातळी वेगळी लक्षात ठेवली जाते. रात्री ब्लूटूथ हेडफोनची बॅटरी संपते, आवाज गुपचूप स्पीकरवर येतो, आणि स्पीकरने दुपारचे १४० इमानेइतबारे जपून ठेवलेले असतात. शेजारचे काका भिंत ठोकतात, आमच्या कुकरच्या शिट्टीपेक्षा जास्त वेळा.

अरे, सेटिंगमध्ये एकच आकडा लिहायचा आणि सगळ्यांनी निमूट पाळायचा. इतकं साधं मागणं आहे, द्या की राव!