पलीकडून उचलत नाहीत

वीस तारखेला संध्याकाळी आमच्या डोंगलने अंग काढून घेतलं. डोंगल म्हणजे डीएससी, डिजिटल सही. पेनड्राइव्हएवढी वस्तू, तिच्यात माझी सही राहते. जीएसटीचा थ्री-बी रिटर्न भरून तयार, कराचे पैसे गेलेले, फक्त सही उरलेली. बटण दाबलं की पडद्यावर एकच वाक्य: सर्व्हरशी संपर्क होऊ शकला नाही, कृपया सहीचं सॉफ्टवेअर पुन्हा सुरू करा. सुरू केलं. पुन्हा तेच वाक्य, 'कृपया'सकट.

आमची कंपनी प्रायव्हेट लिमिटेड आहे. संचालक मंडळात मी आणि बायको, सभा ओट्यापाशी भरतात. पण कंपनी ती कंपनी, त्यामुळे सही डोंगलनेच. खालच्या मेडिकलवाल्याची उलाढाल आमच्या कितीतरी पट, पण तो प्रोप्रायटर, दुकानाचा एकटा मालक. त्याला मोबाइलवर ओटीपी येतो, तो टाकतो आणि जेवायला बसतो. कोरोनात, २०२० मध्ये आणि परत २०२१ मध्ये, कंपन्यांनाही ओटीपीवर रिटर्न भरू दिला होता. त्यापायी कुणी देशोधडीला लागल्याचं ऐकिवात नाही. साथ ओसरली आणि डोंगल परत आलं. शिवाय ही सही नासते. माझी हातची सही कॉलेजपासून तीच आहे. हिची मात्र मुदत संपते. मग नवे पैसे भरा, आणि कॅमेऱ्यासमोर पॅनकार्ड हनुवटीपाशी धरून 'मी अमुक अमुक' असं आरोपीसारखं सांगा.

हेल्पलाइनचं थोडक्यात सांगतो, कारण तिथे थोडकंच आहे. "सर, काढून परत लावा." लावलं. "दुसऱ्या पोर्टला लावा." लावलं. "ब्राउझर बदला." बदलला. मग त्याने मला ब्राउझरमध्ये एक पत्ता टाकायला लावला. ब्राउझर लाल त्रिकोण दाखवून म्हणाला, हे असुरक्षित आहे, पुढे जाऊ नका. "सर, ॲडव्हान्स्ड दाबा आणि पुढे जा." रोज सकाळी मोबाइलवर उपदेश येतो, अनोळखी लिंक उघडू नका, सावध राहा. आणि कर भरायची वेळ आली की धोक्याची पाटी ओलांडून जा म्हणायचं. गेलो. काही झालं नाही.

एवढ्यात नाना आले. लोणच्याची बरणी परत द्यायला आले होते.

नाना आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. दूरसंचार खात्यातून फोन इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झाले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. घराघरातले फोन गेले, खांबावरचे डीपी, म्हणजे फोनच्या तारांचे डबे, गंजले, पण नाना अजून ड्यूटीवर आहेत.

"काय रे, कसला आवाज चाललाय?"

"काही नाही नाना, डोंगल चालत नाहीये."

"टोन येतोय का?"

"कसला टोन?"

"लावल्यावर टोन येतो की नाही, एवढंच सांग."

मी डोंगल काढून लावलं. लॅपटॉप 'टुडूंग' म्हणाला. नानांनी डोळे मिटले होते.

"परत."

टुडूंग.

"टोन क्लिअर आहे. म्हणजे लाइन आली आहे." डोळे उघडून त्यांनी बरणी टेबलावर ठेवली. "पलीकडून उचलत नाहीयेत."

मला राग याचा येतो की हे शंभर टक्के बरोबर होतं. यूएसबीची वस्तू लावली की ती आधी कॉम्प्युटरला आपली ओळख सांगते: बनवणाऱ्याचा एक नंबर, वस्तूचा एक नंबर, वीज किती लागेल ते. हे जमलं की टुडूंग. मग ड्रायव्हर, म्हणजे त्या वस्तूशी बोलणारा प्रोग्रॅम, मग सहीचं सॉफ्टवेअर आणि शेवटी ब्राउझर. आमचं घोडं पेंड खात होतं ते या शेवटच्या दोघांमध्ये. यूएसबीच्या जनकांपैकी एक, बडोद्यात शिकलेले अजय भट्ट, इंटेल या चिप बनवणाऱ्या कंपनीत होते. घरच्यांना साधा प्रिंटर जोडताना होणारे हाल बघून ही कल्पना डोक्यात आली, असं ते सांगतात. १९९६ मध्ये यूएसबी आलं. त्याआधी स्क्रू पिळून बसवायच्या जाडजूड केबली होत्या, हे ज्यांनी सोसलंय त्यांना आठवेल. भट्टांनी टुडूंगपर्यंतचं काम चोख केलं. पुढचं ज्यांनी केलं, त्यांच्या घरी प्रिंटर नसावा.

"आत जोड्या किती?" नानांनी एक्स्टेन्शन केबल बोटांनी चाचपली.

"चार तारा असतात. दोन विजेच्या, दोन डेटाच्या."

"डेटाच्या पिळलेल्या?"

"हो."

"मग एक जोडी. टेलिफोनच आहे हा." खात्याचा हरवलेला माल सापडावा तसा त्यांचा चेहरा झाला. "अर्थिंग तपासलंस?"

"नाना, याचा अर्थिंगशी काही संबंध नाही."

"सगळे असंच म्हणतात."

लोक जिथे पेन लावतात तिथे नाना टेस्टर लावतात. तो काढून त्यांनी लॅपटॉपच्या पत्र्याला टेकवला. टेस्टरचा दिवा लागला. आता याला कारण आहे. ॲडॅप्टरला दोनच पिना, अर्थिंगची तिसरी नाही. आतल्या कपॅसिटरमधून अगदी चिमूटभर करंट झिरपतो, तेवढ्यावरही टेस्टर पेटतो. चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपवरून हात फिरवला की झिणझिणतं ते हेच, आणि त्याने सहीला काही होत नाही. पण मी 'कपॅसिटर' म्हणेपर्यंत बायको पाट आणायला गेली होती.

भाऊबीजेचा शिसवी पाट आला. त्यावर लॅपटॉप बसला, त्याच्या शेजारी डोंगल. हळदकुंकू तेवढं राहिलं.

"पलीकडचा नंबर काय?" नाना.

"१२७.०.०.१."

"कुठलं एक्स्चेंज?"

"कुठलंच नाही. हा याच लॅपटॉपचा नंबर. कुठलाही कॉम्प्युटर स्वतःपुरता स्वतःला याच नंबराने ओळखतो. ब्राउझर त्या नंबरावर सहीच्या सॉफ्टवेअरला शोधतोय. पडद्यावर सर्व्हर म्हणतात तो हाच, टेबलावरचा."

नाना बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. फोनचं बिल थकवून वर तक्रार करणाऱ्या ग्राहकाकडे ते असंच बघत असणार.

"म्हणजे तू स्वतःच्या फोनवरून स्वतःलाच फोन लावलायस?"

"एका अर्थी."

"अरे, मग एंगेजच लागणार!"

बायको खळखळून हसली. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या विनोदांना ती असं हसत नाही.

"रिसीव्हर नीट ठेवलाय का बघ कुठे," नाना म्हणाले आणि चहासाठी खुर्ची ओढून बसले.

मी टास्क मॅनेजर उघडला, लॅपटॉपवर काय काय चालू आहे ते त्यात दिसतं. नानांनी सांगितलं म्हणून नव्हे. तो मी उघडणारच होतो. तर तिथे सहीच्या सॉफ्टवेअरच्या दोन प्रती चालू. गेल्या अपडेटच्या वेळी जुनी आवृत्ती कुणी काढलीच नव्हती. लॅपटॉप सुरू झाला की ती गुपचूप उठायची आणि पोर्ट अडवून बसायची. हा पोर्ट म्हणजे यूएसबीचं भोक नव्हे, सॉफ्टवेअरने बोलायचा ठरलेला दरवाजा. नवीला बोलायला पोर्टच मोकळा नाही. पडद्यावर तसं एक अक्षर नाही. 'दुसरं कुणीतरी पोर्ट वापरतंय' एवढं लिहायला काय मोडत होतं? सॉफ्टवेअरला ते माहीत असतं, पोर्ट मागितला की सिस्टिम तसं सांगते. पण आपल्याला सांगायचं काय, तर कृपया पुन्हा सुरू करा. म्हणजे चूक तुमचीच, तुम्ही नीट सुरू केलं नाहीत. उशीर झाला तर लेट फी मात्र आपल्या नावावर, दिवसाला ५० रुपये, वर व्याज.

दोन्ही बंद केली, नवं सुरू केलं, बटण दाबलं. पिनची चौकट आली. पिन मी एकेक आकडा मोठ्याने म्हणत टाकतो, कारण तो वारंवार चुकला की डोंगल कुलूपबंद होतं आणि पुन्हा पॅनकार्ड, पुन्हा हनुवटी. सही झाली. पावती आली.

"झालं?" नानांनी बशीत चहा ओतला.

"झालं. जुनं सॉफ्टवेअर मागे चालू राहिलं होतं, त्यामुळे..."

"अर्थिंग," नाना बायकोला म्हणाले.

"नशीब तुम्ही आलात," बायको नानांना म्हणाली आणि बरणी पुन्हा भरून दिली.

हे मी बिल्डिंगमध्ये निदान चार जणांना समजावून सांगितलं असेल. पोर्ट म्हणजे काय, प्रोसेस म्हणजे काय, पाटाचा काहीही संबंध नाही. लोक मान डोलावतात आणि म्हणतात, "पण नानांनी बरोबर पकडलं हं!" काल जिन्यात पहिल्या मजल्यावरचे डॉक्टर भेटले. एमडी माणूस. म्हणाले, "आमच्या दवाखान्यातला प्रिंटर परवापासून ऑफलाइन दाखवतोय."

मी बाह्या सरसावल्या. "केबल यूएसबी आहे का? मी येऊन बघतो, आधी आपण ड्रायव्हर..."

"नको नको, तुम्ही कशाला? नाना येणार आहेत सहा वाजता. फक्त तुमचा तो पाट मिळेल का?"

दिला.