‘कोड चिकटवा, झालं’? नाही झालं

डिझाइन शिकणाऱ्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला फिरतोय: ‘पोर्टफोलिओत स्क्रीनशॉट टाकणं बंद करा. फिग्मातून एम्बेड कोड घ्या, वेबसाइटवर चिकटवा, झालं. दोन मिनिटांचं काम. डिझाइन जिवंत दिसतं, फाइल बदलली की साइट आपोआप बदलते, पुन्हा बघायला नको.’ फिग्मा म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारं डिझाइनचं साधन, आणि तिथलं डिझाइन आपल्या साइटवर दाखवणारा कोडचा तुकडा म्हणजे एम्बेड कोड. मी आर्वीजवळच्या गावात बसून डिझाइनचंच काम करतो आणि हा सल्ला पाळून तोंडावर आपटलोय.

दोन मिनिटं हे खरं. पण लिंक असलेल्या कुणालाही फाइल पाहता येईल अशी परवानगी द्यायला विसरलात, तर समोरच्याला डिझाइनऐवजी लॉगिनची पाटी दिसते. तुम्हाला मात्र सगळं ठीक दिसतं, कारण तुम्ही आधीच आत असता. ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत, म्हणजे लॉगिन नसताना, उघडून बघा.

‘जिवंत दिसतं.’ कुठं? पुण्यातल्या फायबरवर दिसत असेल. हिंगणघाटकडच्या एका जिनिंगवाल्या काकांसाठी मी काट्याच्या पावतीचं ॲप आखलं होतं: भरली गाडी, रिकामी गाडी, निव्वळ वजन, चुकारा कधी. साइटवर तीन एम्बेड लावले आणि काट्याच्या खोलीत त्यांच्याच फोनवर दाखवायला गेलो. राखाडी चौकोन, त्यात फिरणारी चकरी, बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग. एकदाचं पहिलं उघडलं. काकांनी अंगठा सरकवला, तर पान जागचं हलेना, आतलं प्रोटोटाइपच, म्हणजे ॲपचा चालता नमुना, वरखाली होत राहिलं. “हे खाली काहून जाऊन नाही राहिलं बापू?”

त्याचं कारण साधं आहे. एम्बेड म्हणजे आयफ्रेम, तुमच्या पानात उघडलेलं दुसऱ्याच साइटचं पान. फिग्मा तिथं नुसतं चित्र पाठवत नाही. सी प्लस प्लसमध्ये लिहिलेलं आपलं इंजिन वेबअसेम्ब्ली, म्हणजे ब्राउझरला चालवता येईल असा कोड, करून ब्राउझरमध्ये उतरवतं आणि मग स्क्रीन रंगवतं. लॅपटॉपला हे जाणवत नाही. चार वर्षं जुन्या फोनला, तेही एकच कांडी रेंज असताना, चांगलंच जाणवतं. आणि बोट चौकटीवर पडलं की स्क्रोल तीच चौकट गिळते. आता मी पानावर शंभर-दीडशे केबीचं चित्र ठेवतो, खाली ‘चालवून पाहा’ असं बटण. ते दाबलं तरच एम्बेड लोड होतं. एवढं जमत नसेल तर आयफ्रेमला निदान लेझी लोडिंग तरी लावा, म्हणजे वाचणारा तिथवर पोचेपर्यंत ती लोड होत नाही.

‘आपोआप बदलते’ ही तर खरी भानगड. एका रात्री साइटवर एम्बेड केलेल्या फाइलमध्येच नवा रंग लावून पाहत होतो. सकाळी नागपूरच्या मुलाखतीत समोरच्या बाईंनी माझी साइट उघडली, तर बटणावर ‘इथं काय लिहू?’ असं माझंच वाक्य. हसल्या त्या, पण काम मिळालं नाही. तेव्हापासून एम्बेडसाठी फाइलची वेगळी प्रत काढतो आणि तिला हात लावत नाही.

आणखी एक, जे सल्ल्यात कुणी सांगतच नाही. चौकटीत रंगवलेली अक्षरं गूगल तुमच्या पानाचा मजकूर म्हणून वाचत नाही. अडचण काय होती, तुम्ही काय ठरवलं, हे साध्या मजकुरात लिहावंच लागतं.

राहिलं ‘पुन्हा बघायला नको’. एकेकाळी प्रोटोटाइप म्हटलं की इनव्हिजन असायचं, फिग्मासारखंच एक साधन. ३१ डिसेंबर २०२४ ला त्यांची डिझाइन सेवा बंद झाली, मग तिथून लावलेल्या एम्बेडांचं काय राहणार? फिग्माही २०२२ मध्ये अडोबीकडे २० अब्ज डॉलरला निघालं होतं. डिसेंबर २०२३ मध्ये तो सौदा मोडला, म्हणून आहे तसं आहे. स्क्रीनची चित्रं आणि रेकॉर्डिंग आपल्या ड्राइव्हवर असू द्या बुवा.

काकांना शेवटी चाळीस सेकंदांचं स्क्रीन रेकॉर्डिंग व्हॉट्सॲपवर पाठवलं. रात्री त्यांचा फोन आला, “समदं बरं हाय, पण यात ओलाव्याची कपात कुठी हाय?” तो रकाना मी विसरलोच होतो.