वायरी उंदराने खाल्ल्या, वाट माणसांनी लावली

उंदराला मी माफ केलंय. मनापासून सांगतो. त्याचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, काहीतरी कुरतडून ते झिजवावेच लागतात. त्यात माझ्या मारुती ओम्नी व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली. रात्री गाडी लावली की कितीतरी वेळ तिथे ऊब असते, आणि घरट्यासाठी सीटचा फोम डोक्यावरच. भर पावसात डोंबिवलीतल्या नाल्याकडेच्या सोसायटीत मी उंदीर म्हणून जन्मलो असतो, तर मीसुद्धा तिथेच बिऱ्हाड थाटलं असतं. माझं डोकं फिरलंय ते दोन पायांच्या प्राण्यांवर.

सकाळी फरसाण-चिवड्याचे डबे मागे भरून गाडी चालू केली, तर थडथड थडथड. तीन सिलिंडरची गाडी दोनावर चालत होती. सीट उचललं. इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरची वायर कपलरपासून, म्हणजे जोडणीच्या टोकापासून, दोन बोटांवर तोडलेली, तांबं चकचकीत, खाली प्लॅस्टिकचा भुगा आणि लेंड्या. काय सफाईदार काम! त्याच्या शेजारची एक वायर अर्धवट सोललेली, आणि मागच्या दिव्यांकडे जाणारा जुडगा जिथे पत्र्यातून आत शिरतो तिथे आणखी एक तुटलेली. तीन वायरी. फक्त तीन! हातात पक्कड असलेल्या माणसाने मनावर घेतलं असतं, तर दुपारच्या जेवणाआधी गाडी रस्त्यावर असती.

पण पक्कडवाला यायला हवा ना. आला तो आल्या आल्या वायर तोंडात धरून दाताने सोलायला लागला. म्हणजे उंदराने जे रात्री फुकटात केलं, तेच हा दिवसा मजुरी घेऊन करणार. दोन टोकं पिळली, वर काळी टेप गुंडाळली, ‘झालं साहेब.’ काय झालं? इंजिनाच्या उष्णतेने त्या टेपचा डिंक चिकट काळ्या लोण्यासारखा ओघळतो, टेप सुटते, पिळा उघडा पडतो आणि पत्र्याला टेकला की शॉर्ट. गाडीने एक खड्डा घेतला तरी पुरे, आणि कल्याण-शीळ रस्त्यावर खड्डे शोधायला जावं लागत नाही.

आणि हा पहिला थोडाच होता! जुनी टेप सोलत गेलो तर आतून याच्या पूर्वजांची कर्तबगारी बाहेर पडत गेली. हेडलाइटची वायर कंपनीतून निघते लाल. वीतभर पुढे कुणीतरी तिला पिवळा तुकडा जोडलाय. तो पिवळा पुढे चक्क घराच्या बेलच्या वायरीत घुसलाय, केसाएवढ्या बारीक, आणि ती पुन्हा जाऊन लाल वायरीला भेटते. हेडलाइटचा करंट बेलच्या वायरीतून! हात लावला तर गरम, इन्सुलेशन वितळून मऊ पडलेलं. मग फ्यूज का उडत नव्हता, म्हणून फ्यूजबॉक्स उघडला. जिथे 15 अँपियरचा निळा हवा, तिथे 30 चा हिरवा खोचलेला. आग लागायच्या आधी उडावा म्हणून फ्यूज असतो रे बाबांनो! तो उडतो हीच तक्रार समजून ज्याने मोठा टाकला, त्या महाभागाला त्याच सीटवर बसवून पुण्याला पाठवायला हवं. भर उन्हात.

मागच्या दिव्यांचा तर तमाशाच. ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणायचा. कुणी बल्ब बदलला, कुणी होल्डर बदलला, एकाने इंडिकेटर लुकलुकवणारा फ्लॅशर बदलून पैसे घेतले. अर्थिंग, म्हणजे करंट पत्र्यातून परत जायची वाट, तपासायचं एकालाही सुचलं नाही. अर्थिंग तुटलं की करंट परतीची दुसरी वाट शोधतो, शेजारच्या बल्बातून घुसून बाहेर पडतो, म्हणून भलताच दिवा लागतो. हे कळायला इंजिनियरिंगची पदवी लागत नाही, टेस्ट लॅम्प लागतो. मल्टिमीटर मिळालं तर सोन्याहून पिवळं. पण नाही. ‘साहेब, जुनी गाडी आहे, असं होतंच.’ हे वाक्य ज्याने शोधून काढलं त्याला भेटायचंय मला. जुनी गाडी आहे म्हणून काय तिच्यात वीज वेगळ्या नियमाने वाहते?

कंटाळून मोठ्या गॅरेजात गेलो. तिथे एसी, कॉफीचं मशीन, आणि काउंटरवरच्या पोराने सीटसुद्धा न उचलता सांगितलं, ‘सर, फुल हार्नेस चेंज.’ हार्नेस म्हणजे वायरींचा अख्खा जुडगा. अरे, तीन वायरी! अख्ख्या गाडीची वायरिंग उपटायची? आणि नवी आणणार कुठून? ओम्नीचं उत्पादन 2019 मध्ये बंद झालंय. ‘मागवावं लागेल सर, वेळ लागेल.’ मागवणार म्हणजे काय, ते मला माहीत आहे. कुर्ल्याच्या भंगारातून कुठल्या तरी मेलेल्या ओम्नीची वायरिंग कापून आणणार, आणि त्या ओम्नीत उंदीर नव्हते याची हमी कोण देणार? विम्याचं विचाराल तर या वयाच्या गाडीला माझ्यासारखे लोक थर्ड पार्टीच घेतात, आणि त्यात स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा छदाम मिळत नाही.

‘मग विकून टाका ना.’ हे तर ठरलेलंच. माझ्या धंद्याला दुसरी कुठली गाडी परवडते ते सांगा आणि मग विकायला सांगा. सरकता दरवाजा, 796 सीसी, गल्लीत वळते, डबे उभे राहतात. 15 वर्षं होत आलीत, फेरनोंदणी तोंडावर आहे. ती फी पूर्वी 600 रुपये होती, एप्रिल 2022 पासून 5,000 झाली. तेही भरू. पण फिटनेसला दिवे, इंडिकेटर, ब्रेकलाइट, हॉर्न सगळं चालू दाखवावं लागतं, आणि आमचा हॉर्न कुठल्या टेपच्या बोळ्यात गुदमरलाय ते देवाला माहीत.

आता उपाय सांगणारे. प्रत्येकाकडे एक रामबाण. तंबाखूची पानं ठेवा. डांबराच्या गोळ्या ठेवा. फिनाईलचा बोळा ठेवा. मी खाण्याचे पदार्थ पोचवतो हो! डांबरगोळ्यांच्या वासाचा चिवडा कोण घेणार, तुम्ही? आवाज करणारं ते अल्ट्रासोनिक यंत्र एका शेजाऱ्याने घेतलं, त्याची वायर उंदरानेच खाल्ली. औषध घाला म्हणणाऱ्यांनी डॅशबोर्डच्या आत मेलेल्या उंदराचा वास एकदा घेऊन बघावा. होंडा कंपनी मिरचीतला तिखटपणा लावलेली टेप विकते म्हणे. ती तेवढी पटण्यासारखी गोष्ट, तर ती आमच्या बाजारात विचारली की दुकानदार माझ्याकडेच बघतात.

आणि ‘बाप्पाचं वाहन तुमच्या वाहनात’ हा विनोद. गणपतीच्या दिवसांत तर तो रोज. कृपा करा, बस करा. मला हसू येत नाही.

नीट दुरुस्तीत कसलं ब्रह्मज्ञान लागतं? वायर मागे सोलायची, आतलं तांबं काळं-हिरवं पडलेलं असेल तर ते चकचकीत लागेपर्यंत कापायची. त्याच जाडीचा तुकडा घ्यायचा. हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे तापवली की आवळून बसणारी नळी, आधी वायरीत ओवून ठेवायची, नाहीतर जोड झाल्यावर ती घालणार कुठून! सोल्डर करायचं, स्लीव्ह सरकवून तापवायची. चार वायरी असतील तर चारही जोड एकाच जागी घ्यायचे नाहीत, पुढेमागे घ्यायचे, म्हणजे जुडग्याला गाठ येत नाही. वरून फ्लेक्झिबल पाइप, आणि पत्र्यातून जाते तिथे भोकाच्या कडेला रबर ग्रोमेट, म्हणजे रबराचं कडं. झालं. सगळं सामान मिळून एका बऱ्या जेवणाच्या बिलाएवढंही होत नाही. पण याला वेळ लागतो, आणि वेळेचे पैसे मागायची आमच्या मिस्त्रींना लाज वाटते. न लागलेल्या फ्लॅशरचे मागायला वाटत नाही.

शेवटी मीच सोल्डरिंग आयर्न आणून बसलोय, पार्किंगमध्ये, एक्स्टेंशन ओढून. इंजेक्टर झाला, गाडी तिन्हीवर चालते. मागचं अर्थिंग झालं. बेलची वायर उपटून फेकली. घरटं काढताना हातमोजे आणि मास्क घातले, कारण उंदराच्या मुतातून लेप्टोचा ताप येतो आणि पावसाळ्यात तो काय करतो ते मुंबईकराला वेगळं सांगायला नको. तर सोसायटीचे चेअरमन वरून ओरडतात, ‘कॉमन मीटरची लाइट वापरू नका!’ आणि वर शहाणपण, ‘तुमच्याच फरसाणाला उंदीर येतात.’

माझ्या फरसाणाला? डबे घट्ट झाकणांचे असतात, रात्री गाडीत शेवेची काडी नसते. आणि ओल्या कचऱ्याचे ते दोन उघडे ड्रम, ज्यांची झाकणं गेल्या दिवाळीपासून ‘येतायत’? बी विंगच्या त्या काकू कबुतरांसाठी आणि कुत्र्यांसाठी रोज भात-पोळ्या गाड्यांखाली टाकतात, तो काय उपासाचा प्रसाद? पेस्ट कंट्रोलचं विचारलं की ‘फंड नाही’, आणि गेटवर एलईडीची कमान लावायला फंड होता.

सप्टेंबरात सोसायटीची एजीएम, म्हणजे वार्षिक सभा, आहे. अजेंड्याच्या तळाशी ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय’ असतात, आणि तिथपर्यंत पोचायच्या आत सगळे वेफर्स-चहाकडे पळतात. या वेळी मी आधीच उठणार आहे, हिशेबाला मंजुरी मागायच्या वेळी. कुरतडलेली वायर, बेलची वायर आणि तो हिरवा फ्यूज, तिन्ही पिशवीत भरून ठेवलेत. लेंड्यासुद्धा.