मंडे को आओ

नवी मुंबईत परदेशी विद्यापीठांच्या शाखा येणार म्हणून कौतुक चाललंय. येऊ देत की. पण पुण्यात आधीच आलेल्या परदेशी पोरांचं आपण काय करतो, ते मी कॉलेजच्या ऑफिसात खिडकीमागे बसून बरीच वर्षं पाहिलंय. पाहिलंय कसलं, केलंयही.

गणपतीचे दिवस होते. सुदानचा एक मुलगा बोनाफाईडसाठी आलेला. हातात प्लास्टिकचं फोल्डर, त्यात सगळे कागद तारीखवार लावलेले. सही करणारे सर रजेवर. मी सवयीनं म्हटलं, "मंडे को आओ." तो "ओके मॅम" म्हणून गेला. १८० दिवसांहून जास्त मुदतीच्या विद्यार्थी व्हिसावर आलेल्याला १४ दिवसांत एफआरआरओकडे, म्हणजे परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे, नोंदणी करावी लागते. बोनाफाईड त्याला त्यासाठीच हवं होतं. त्याचा त्या दिवशी तेरावा दिवस होता. मी विचारलंच नव्हतं. दंड त्यानं भरला, मला कुणी चकार शब्द बोललं नाही.

खोलीचं तर विचारूच नका. परदेशी माणूस राहायला आला की घरमालकानं २४ तासांत त्याची ऑनलाइन नोंद करायची असते, फॉर्म सी म्हणतात तो. ‘नसती झेंगटं नकोत’ म्हणून एजंटच सांगतो, भाडं रोख, करार नाही. करार नाही म्हणून पत्त्याचा पुरावा नाही, म्हणून इथं राहण्याचं परमिट अडलं, म्हणून बँकेत खातं नाही, म्हणून घरचे पैसे मित्राच्या खात्यावर. आणि मग सोसायटीच्या मीटिंगमध्ये आपणच म्हणणार, ही पोरं जरा संशयास्पद वाटतात!

२०२१-२२ च्या सरकारी पाहणीत देशभरात परदेशी विद्यार्थी जेमतेम ४७ हजार. आपली बाहेर गेलेली पोरं दहा लाखांच्या वर. त्यांना तिकडे खोली मिळेना झाली की आपले व्हॉट्सअॅप ग्रुप पेटतात.

याच गावात फर्ग्युसनच्या हॉस्टेलवर मॉरिशसचा एक मुलगा काविळीनं आजारी पडला होता. मेसपर्यंत जाता येईना, म्हणून एक मुलगी खिडकीतून त्याला डबा द्यायची. रेक्टर असलेल्या डॉ. शां. ब. मुजुमदारांनी ते पाहिलं, चौकशी केली, आणि त्यातून १९७१ साली सिंबायोसिस ही शिक्षणसंस्था उभी राहिली. तेव्हा ‘आंतरराष्ट्रीयीकरण’ हा शब्द कुणाला उच्चारताही आला नसता.

आता २०२० च्या शैक्षणिक धोरणात परदेशी विद्यार्थ्यांसाठी वेगळं कार्यालय सांगितलंय. आमच्याकडेही झालं. टेबल, पाटी, भिंतीवर जगाचा नकाशा. सहीचा अधिकार तेवढा वरच्या मजल्यावरच राहिला. माझं म्हणणं एवढंच, नकाशा काढा हवा तर, पण त्या टेबलावर सही करू शकणारा माणूस बसवा, आणि पहिलं सेमिस्टर तरी हॉस्टेलची खोली राखून ठेवा.

तोवर, कोथरूड-कर्वेनगर भागात कुणाची खोली रिकामी असेल तर कळवा. दोघं जण शोधतायत, भाडं वेळेवर देतील. करार मात्र रीतसर हवा. फॉर्म सी मी शेजारी बसून भरून देईन, चहा तुमचा.