२६ जुलैला गाडी कुठे होती?

जुन्या गाडीच्या जाहिरातीत 'मेन्टेन्ड' असं लिहिलं असेल, तर फोटो कुठल्या बाजूने काढलेत ते आधी बघावं. विक्रोळीच्या कन्नमवार नगरातल्या त्या स्प्लेंडरचे सगळे फोटो उजवीकडून काढलेले होते. २००४ चं मॉडेल, सिंगल ओनर, पेपर क्लिअर, अठरा हजार, आणि खाली ताकीद : टाइमपास करणाऱ्यांनी फोन करू नये. नवी गाडी घरी येईस्तोवर लाखाच्या आसपास जाते आणि भांडुप स्टेशनबाहेरची शेअर रिक्षाची रांग संध्याकाळी जिन्यापर्यंत येते. टाइमपास करायला माझ्याकडे टाइम नव्हताच.

जुनी गाडी थंड असताना बघायची असते. विकणारे लोक आपण पोचायच्या आधी इंजिन गरम करून ठेवतात, मग कसलीही खटारा गाडी एका किकमध्ये सुरू होते. म्हणून मी फोनवरच गाडी विकणाऱ्या काकांना विनवलं, "मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका हं."

"निर्धास्त या," काका म्हणाले. "दोन वर्षांत कोणी केलेली नाही."

सोबत आमच्या नाक्यावरचा मेकॅनिक घेतला. गाडी घेतली तर दुरुस्तीचं काम त्याच्याकडेच येणार होतं, त्यामुळे त्याचं मत निःपक्षपाती असेल अशी आशा मी ठेवली नव्हती.

गाडी जिन्याखाली होती. आधी गणपतीचं मखर निघालं, मग एक मोडका कूलर, मग ताडपत्री, आणि शेवटी सीटवरची मांजर. ती काही निघेना. काकूंनी दूध दाखवल्यावर तिने जागा सोडली. टाकीवर 'हिरो होंडा' ही अक्षरं अजून शाबूत होती. त्या दोघांनी डिसेंबर २०१० मध्ये वेगळं व्हायचं जाहीर केलं, पण या टाकीवर संसार अजून चालू होता. याच कंपनीने पूर्वी सीडी १०० ही मोटरसायकल विकताना 'फिल इट, शट इट, फर्गेट इट' अशी जाहिरात केली होती. काकांनी त्यातलं तिसरं तेवढं मनापासून पाळलेलं दिसत होतं.

"किती चाललीय?" मी विचारलं.

"अडतीस हजार."

"आणि मीटर कधी बंद पडला?" मेकॅनिकने विचारलं.

"अडतीस हजारालाच."

मेकॅनिक उकिडवा बसला. त्याने टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचले. पहिले दोन म्हणजे आठवडा, पुढचे दोन म्हणजे वर्ष. टायर २००९ च्या अकराव्या आठवड्यातला निघाला. "कंपनीचा टायर आहे," काका अभिमानाने म्हणाले. चेन स्प्रॉकेटचे दाते एकाच बाजूला वाकलेले होते. "त्यामुळे चेन सुटत नाही." पुढच्या शॉकअपमधून ऑइल गळून नळीवर काळी पुटं चढली होती. "म्हणजे आत ऑइल आहे." डबल स्टँडवर गाडी चढवून, पुढचं चाक अधांतरी ठेवून मेकॅनिकने हँडल सावकाश फिरवलं, तर ते बरोबर मध्ये येऊन अडकलं. कोनसेट, म्हणजे हँडल फिरवणारं बेअरिंग, गेला होता. "सरळ चालते गाडी," काका म्हणाले, "कुठे वळत नाही." या माणसाने आयुष्यभर कुठल्या खात्यात नोकरी केली, ते विचारायचं मी टाळलं.

२००४ चं मॉडेल म्हटलं की मुंबईत एक प्रश्न विचारावाच लागतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता आणि त्या रात्री पाण्यात गेलेल्या गाड्या नंतर धुऊनपुसून विकल्या गेल्या.

"२६ जुलैला गाडी कुठे होती?" मी शक्य तितक्या सहजपणे विचारलं.

"पवईला, ऑफिसात. चढावर. टायरसुद्धा भिजला नाही."

"अहो, पवईला कुठे?" काकू चहाचे कप घेऊन आल्या होत्या. "तुम्ही माझ्या भावाकडे नव्हता का गेलात, कलिन्याला? रात्रभर माळ्यावर बसून काढलीत. गाडीचा आरसा तेवढा वर दिसत होता म्हणून तुम्हीच तर सांगता सगळ्यांना."

काकांनी चहात बिस्कीट बुडवलं. मेकॅनिक माझ्याकडे वळून समजुतीच्या सुरात म्हणाला, "वीस वर्षं झाली साहेब, वाळली असेल."

आता सुरू करून बघायची. टाकीत टॉर्च मारली तर आत पेट्रोल कमी आणि गंज जास्त. मेकॅनिकने स्वतःच्या गाडीतून नळीने थोडं पेट्रोल काढलं, प्लग खोलून पॉलिश पेपरने घासला, कार्ब्युरेटरचा जेट फुंकून साफ केला आणि किक मारायला लागला. तो दमल्यावर मी मारल्या. मी दमल्यावर वॉचमनने हौसेने मारल्या. तिन्ही वेळा काका म्हणाले, "चोक ओढा," आणि चोक तिन्ही वेळा ओढलेलाच होता. मग कधीतरी एक फटाका वाजला, मांजर पळाली आणि गाडी चक्क सुरू झाली. मागून निळसर धुराचा लोट निघाला आणि जिन्यातून वर चढला. काळा धूर असता तर फार चिंता नव्हती, कार्ब्युरेटर जास्त पेट्रोल देतोय एवढाच त्याचा अर्थ. निळा म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्यात आणि ऑइल जळतंय. मी हे काकांना समजावत असताना वरच्या मजल्यावरून एक आजी ओरडल्या, "म्युनिसिपाल्टीचे धूरवाले आले गं, खिडक्या लावून घ्या!" आणि पूर्ण बिल्डिंगच्या खिडक्या धडाधड बंद झाल्या.

मी मनातल्या मनात काढता पाय घेतला होता. मेकॅनिकने मात्र हात पुसले आणि म्हणाला, "पेपर दाखवा. इंजिन कुर्ल्यात मिळतं साहेब, आरसी बुक मिळत नाही." दिवसभरात ऐकलेलं हे एकमेव शहाणपणाचं वाक्य.

पेपर 'क्लिअर' होते म्हणजे प्लास्टिकच्या पारदर्शक पिशवीत होते. रजिस्ट्रेशनची पंधरा वर्षं २०१९ मध्ये संपली होती. पुढची पाच वाढवून घेतली होती, तीही संपली होती. विमा नाही, पीयूसी नाही. ट्रान्स्फरचं काय विचारलं तर काका उदार झाले. "सावकाश करा हो. मी २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर कोऱ्या सह्या करून देतो. गाडी माझ्या नावावर राहिली तर माझं काय जातंय?" अशा कोऱ्या सह्यांवर मुंबईत कितीतरी गाड्या वर्षानुवर्षं फिरतात, आणि अपघात झाला की पोलीस मूळ मालकाच्या दारात उभे राहतात.

मेकॅनिकने हँडलखालचा चेसिस नंबर रॉकेलच्या फडक्याने पुसला. त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली, तसे आकडे उमटले आणि आरसीशी जुळले. ई-चलान बघायला ते आकडे लागतात आणि ते हाताशी होतेच, म्हणून मी मोबाइलवर गाडीवरची ई-चलानं बघायला घेतली. आता नकार द्यायला एखादं सज्जन कारण मिळालं असतं तर हवंच होतं.

चलानं निघाली. विनाहेल्मेट. सोबत फोटो.

"शक्यच नाही," काका म्हणाले. "चिरंजीव वापरायचा तेव्हा, पण फक्त दादरला सीएच्या क्लासला."

फोटो वरळी सी फेसचा होता. मंगळवार, दुपारची वेळ. चिरंजीव केस उडवत हसत होते आणि मागे त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकून एक मुलगी बसली होती. तिनेही हेल्मेट घातलेलं नव्हतं, त्यामुळे चेहरा अगदी स्पष्ट आला होता.

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. काकूंनी माझ्या हातातून मोबाइल घेतला. "जरा मोठा करा हो फोटो. मुलगी नीटनेटकी दिसते." मग थोड्या वेळाने, "दुसरं चलान आहे ना? त्यातही हीच आहे का बघा."

त्यातही हीच होती. काकूंचं समाधान झाल्यासारखं वाटलं.

यानंतरचा व्यवहार फार भराभर झाला. मेकॅनिकने रिंगा, चेनसेट, कोनसेट, टायर, टाकी असा पाढा म्हटला आणि काकांनी एकाही दोषाला उत्तर दिलं नाही. अठराचे अकरा हजार झाले. चलानं ते भरणार, ग्रीन टॅक्स भरून रजिस्ट्रेशनही तेच वाढवून आणणार. कोऱ्या सह्यांचं तर त्यांनी नावच काढू दिलं नाही. "आधी तुमच्या नावावर करा. पुढे या गाडीवर कोण कुणाला घेऊन बसतं त्याच्याशी माझा संबंध नको." मी टोकन म्हणून हजार रुपये दिले, काकूंनी चलानाचा फोटो स्वतःच्या मोबाइलवर पाठवून घेतला आणि आम्ही निघालो.

गेटपाशी एक तरुण पाठीला सॅक लावून आत येत होता. त्याने मेकॅनिकच्या हातातले पाने पाहिले, जिन्याखालची उघडी गाडी पाहिली आणि आपुलकीने जवळ आला.

"दादा, तुम्ही घेतली का? बिनधास्त घ्या. पप्पांनी जीव लावलाय तिला. आणि चलान म्हणाल, तर आजवर एकही नाही."